आजीबाईंचा पत्रसंग्रह : एका अध्यापक भगिनीच्या सेवाव्रताची चिकित्सा

हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावीही आज 'कॉन्व्हेंट' हा शब्द उच्चारला म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळाच डोळ्यांपुढे उभी राहते. मुळात हा शब्द शाळेचा वाचक नव्हे. व्रतस्थ स्त्रियांच्या मठाचा तो वाचक आहे. अर्थाच्या या स्थलांतरात शाळा उरली आणि तिच्या पाठीमागची व्रतस्थ स्त्री दृष्टीआड झाली. तिचे चरित्र कोणी लिहिलेच तर ते बहुधा गुणगौरवाच्या अंगाने जाते : त्याग, माया, कष्ट आणि कृतज्ञ विद्यार्थिनी. अशा चरित्रात सेवेची स्तुती असते, परीक्षा नसते. ही परीक्षा ज्यावरून करता येईल असा एक दस्तऐवज महाराष्ट्राच्या वाङ्मयेतिहासाशी निगडित आहे. सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केलेला आणि अ. भि. शहा यांनी संपादून 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झालेला पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार हा तो दस्तऐवज होय.

जेराल्डीन या वाँटेज येथील कुमारी मेरीच्या भगिनीसंघाच्या सभासद. हा संघ 1848 साली विल्यम बटलर या धर्मगुरूंनी स्थापन केला. तो इंग्लंडच्या चर्चमधला, पण त्या चर्चच्या कॅथलिक परंपरेकडे वळलेल्या प्रवाहातला. म्हणून निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही जुनी मठव्यवस्थेची व्रते त्याने स्वीकारली होती. 1877 साली या भगिनी पुण्यास आल्या. 1890 च्या चहा-प्रकरणामुळे मराठी वाचकास ठाऊक असलेले पंचहौद मिशन हे त्यांचे तेथील कार्यक्षेत्र. पुण्यातच रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय झाला. 1883 साली रमाबाई लहानग्या मनोरमेसह वाँटेजला गेल्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे, अशी ती व्यवस्था होती. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या.

रमाबाईंच्या अभ्यासकांनी या पत्रांचा उपयोग मुख्यतः विवेकस्वातंत्र्याच्या चर्चेसाठी केला, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या चर्चेत जेराल्डीनबाईंच्या वाट्यास एकच भूमिका येते : तेजस्वी शिष्येला आवर घालू पाहणाऱ्या संकुचित गुरूची. हा आरोप निराधार नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन वचन असावे असा आग्रह झाला, तेव्हा आपल्या देशबांधवांना न समजणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. रमाबाई मांसाहार करीत नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जुन्या जातिसंस्काराचा अवशेष दिसला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली आणि जेराल्डीनबाईंनी ती उचलून धरली. आपल्या देशात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या विदुषीला हे बंधन मानणे शक्यच नव्हते. त्रैक्याच्या सिद्धान्तावर तर दोघींचा वाद दीर्घकाळ चालला.

हे वाद वरवर पाहता धर्मतत्त्वांचे आहेत. पण त्यांच्या मुळाशी सेवेविषयीच्या दोन कल्पनांचा विरोध आहे. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या स्त्रीच्या दृष्टीने स्वमताचा त्याग हीच पहिली सेवा. जे तिने स्वतः देऊन टाकले, तेच ती शिष्येकडून मागते. तिच्या मागणीत दुष्टावा नाही, आणि म्हणूनच ती अधिक कठीण आहे. ज्याने आपले सर्वस्व दिले, त्याला घेणाऱ्यावर आपला अधिकार आहे असे नकळत वाटू लागते. रमाबाईंनी नेमके येथेच बोट ठेवले. ख्रिस्ताचा स्वीकार म्हणजे एखाद्या धर्मसंस्थेच्या प्रत्येक शब्दाचा स्वीकार नव्हे, आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हाती दिलेली नाही, हा त्यांच्या उत्तरांचा आशय आहे.

या संग्रहातच तुलनेसाठी दुसरी एक शिक्षिका सापडते. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील या व्रतस्थ नव्हत्या. रमाबाईंच्या शंका हा बंडखोरपणा नसून विचार करणाऱ्या मनाची वाटचाल आहे, तिला घाई करू नये, असा त्यांचा एकंदर सूर आहे. बीलबाईंनी शंकेला शिक्षणाचा भाग मानले. जेराल्डीनबाईंनी तिला अहंकाराचे लक्षण मानले. अध्यापिका म्हणून कोण श्रेष्ठ, याचा निर्णय वाचकास सहज करता येईल. चरित्रचिकित्सा एवढ्यावर थांबली, तर मात्र एक महत्त्वाची गोष्ट सुटते.

जेराल्डीनबाईंविरुद्ध आपण जो पुरावा मांडतो, तो आपल्यापर्यंत कोणी आणला? पत्रे जपली, लावली आणि टिपांसह संकलित केली ती त्यांनीच. ज्या पत्रांत त्यांचे युक्तिवाद लंगडे पडतात आणि शिष्येची भाषा त्यांच्या भाषेहून धारदार ठरते, ती पत्रेही या संग्रहात आहेत. त्यांच्या टिपा रमाबाईंना दोष देतात, अभिमानी म्हणतात; पण रमाबाईंचे उत्तर त्या पुसून टाकीत नाहीत. बीलबाईंची वेगळी दृष्टीही त्या तशीच राहू देतात.

यावर असा आक्षेप येईल की, हे औदार्य नव्हे. आपलीच बाजू खरी अशा खात्रीने त्यांनी ही पत्रे साक्षीपुराव्यासारखी ठेवली. संग्रहातील काही टिपांचा सूर पाहता हा आक्षेप फेटाळता येत नाही. शिवाय, संग्राहिका हीच एक पक्षकार असल्याने निवडीविषयी सावध राहणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे. तथापि लेखकाचा हेतू आणि ग्रंथाचे कार्य या दोन गोष्टी भिन्न असतात. हेतू काहीही असो, प्रतिपक्षाचा आवाज अखंड राखणारा संग्रह हा संग्राहिकेच्या अधिकारभावनेला मर्यादा घालतो. चरित्रनायिकेला निर्दोष दाखविणाऱ्या गौरवग्रंथात हा गुण क्वचितच आढळतो.

आणखी एक बाब मराठी अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. रमाबाई आपल्या पत्रांतून जेराल्डीनबाईंना 'आजीबाई' म्हणून संबोधतात. 'सिस्टर' हे पदाचे नाव आहे. 'आजीबाई' हे नात्याचे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस मुलाच्या नात्याने हाक मारण्याची आपली रीत आहे. मनोरमेची आजी ती सर्वांचीच आजी. मनोरमेचा सांभाळ काही काळ वाँटेजच्या भगिनींनी केला, हे लक्षात घेता ही हाक केवळ लाडाची राहत नाही. मठाच्या व्यवस्थेत संबंध आज्ञेवर उभा असतो आणि आज्ञा मोडली की तो डळमळतो. आजीशी भांडता येते, तिचे न ऐकताही तिची राहता येते. रमाबाईंनी आज्ञापालन नाकारले, पण त्याच्या जागी नाते ठेवले. 1886 साली त्या अमेरिकेस गेल्या, 1889 साली मुंबईत शारदासदन निघाले. तरी पत्रे थांबली नाहीत. व्रताने जे टिकले नसते, ते एका मराठी शब्दाने टिकविले, असे म्हणावयास हरकत नाही.

या भगिनींच्या सेवेचे ऋणही रमाबाईंनी नाकारलेले नाही. 1907 सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथील आश्रमाचा उल्लेख केला आहे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या भगिनी तेथे आपुलकीने वागवीत होत्या. ते पाहून आपल्या मनात पालट झाला, असे त्या सांगतात. म्हणजे रमाबाईंनी भगिनींची कृती उचलली आणि त्यांची शिस्त बाजूस ठेवली. मात्र केडगावच्या मुक्तिसदनात त्या स्वतः शेकडो निराश्रित स्त्रियांच्या आधार झाल्या, तेव्हा आश्रय देणाऱ्याचा अधिकार किती, हा वाँटेजचा प्रश्न दुसऱ्या बाजूने त्यांच्यापुढेही उभा राहिला असणार. रमाबाईंच्या चरित्रकारांनी तोही विचारावयास हवा.

सारांश, सेवाव्रती अध्यापिकेच्या चरित्राची कसोटी तिच्या त्यागाच्या मोजमापात नाही. जिची सेवा केली तिचा आवाज, विशेषतः तिचा नकार, त्या चरित्रात ऐकू येतो की नाही, ही खरी कसोटी होय. जेराल्डीनबाई अध्यापिका म्हणून तीवर पूर्णपणे उतरत नाहीत. संग्राहिका म्हणून उतरतात. आपल्या परिसरातील एखाद्या अध्यापक भगिनीचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मठातील नोंदींबरोबर विद्यार्थिनींच्या आठवणीही गोळा कराव्यात, आणि त्यांतल्या न पटलेल्या गोष्टी गाळू नयेत. आजीबाईंनी त्या गाळल्या नाहीत, म्हणूनच आज आपण त्यांच्याविषयी न्यायाने बोलू शकतो.