‘पाहा’ म्हटलं की सिद्ध झालं का?

पायथागोरसच्या प्रमेयाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. भास्कराचार्यांनी आकृती काढली, खाली एकच शब्द लिहिला, ‘पाहा’, आणि सिद्धता संपली! सभागृहात टाळ्या पडतात. माझी तक्रार त्या टाळ्यांबद्दल आहे.

भास्कराचार्य ‘बीजगणित’ या ग्रंथात काय करतात, ते बघू. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १५ आणि २०, तर कर्ण किती, असा प्रश्न ते घालतात. आणि नेहमीची रीत बरोबर का, हेही विचारतात. असे चार त्रिकोण घ्यायचे आणि चारही कर्ण बाहेरच्या अंगाला येतील असे मांडायचे. मध्ये २० उणे १५, म्हणजे ५ बाजूचा छोटा चौरस उरतो. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५०, चारांचं ६००, त्यात मधल्या चौरसाचे २५. झाले ६२५. म्हणून कर्ण २५. हा चक्क हिशेब आहे, नुसतं बघणं नव्हे.

आता म्हणाल, आकृतीत दिसतंय की सगळं! तर दुसरी आकृती घ्या. ८ बाजूचा चौरस कापून दोन काटकोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन करा. तेच तुकडे फिरवून ५ बाय १३ चा आयत जुळवा. ६४ चे ६५ झाले! डोळ्यांना काही खटकत नाही. पण त्रिकोणाची तिरकी बाजू ८ ला ३ चढते, चौकोनाची ५ ला २. चढ वेगळे, म्हणून कर्णाच्या रेषेत बारीक फट राहते. तिचं क्षेत्रफळ बरोबर १.

मग भास्कराचार्यांच्या आकृतीत अशी फट नाही कशावरून? बाहेरच्या चारही बाजू कर्णाएवढ्या आहेत. शिवाय प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणाचे दोन लघुकोन शेजारी येतात, आणि त्यांची बेरीज ९० अंश. म्हणून बाहेरची आकृती चौरसच. हे वाक्य आहे, तोवरच ती सिद्धता आहे.

‘पाहा’ची गोष्ट गौरवासाठी सांगतात, पण त्यात आचार्यांचं गणितच गळून पडतं. आणि वर्गात ‘असं का?’ विचारणाऱ्या मुलीला ‘दिसत नाही का?’ एवढंच उत्तर मिळतं. तिचा प्रश्न बरोबर असतो. आचार्यांनी स्वतःही तोच विचारला होता.