कुलूप, किल्ली आणि अपुरे उत्तर

मॉर्फिन वारंवार दिले की त्याचा वेदनाशामक परिणाम हळूहळू उणावतो आणि तोच आराम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. वर्गात ती समजावून देताना आपण बहुधा कुलूप-किल्लीचा दृष्टान्त देतो. चेतापेशीच्या आवरणावर विशिष्ट प्रथिने असतात, त्यांना ‘ग्राही’ म्हणू. ग्राही म्हणजे कुलूप, मॉर्फिन म्हणजे किल्ली. किल्ली पुन्हापुन्हा फिरवली की कुलूप झिजते, यालाच सवय लागणे म्हणतात, झाले स्पष्टीकरण!

या दृष्टान्ताचा पूर्वार्ध खरा आहे. असे ग्राही असतात हे १९७३ साली प्रयोगाने दाखवले गेले. १९७५ मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी ‘एन्केफॅलिन’ ही नैसर्गिक किल्लीही शोधली. तक्रार आहे ती उत्तरार्धाबद्दल. विज्ञानातल्या स्पष्टीकरणाची परीक्षा त्यातून कोणते भाकीत निघते यावर करायची असते. ‘झिजलेल्या कुलपा’तून निघणारे भाकीत असे : त्या कुलपाची कोणतीही किल्ली घ्या, तिचा परिणाम सारख्याच प्रमाणात कमी झाला पाहिजे.

प्रत्यक्षात तसे होत नाही. मॉर्फिनला सरावलेल्या उंदरांना त्याच ग्राहीवर काम करणारी दुसरी औषधे दिली, तर काहींचा परिणाम पुष्कळ घटतो, काहींचा थोडाच. डॉक्टरांनाही हा अनुभव येतो. रुग्णाचे एक अफूवर्गीय औषध बदलून दुसरे सुरू करताना तक्त्यावरून काढलेली मात्रा ते एकदम देत नाहीत. सामान्यतः ती पाव ते निम्म्याने कमी करतात. जुन्या औषधाला सरावलेले शरीर नव्या औषधाला तितकेच सरावलेले नसते, हे त्याचे कारण.

असे का व्हावे? अडकलेली गाडी दहा माणसे ढकलत आहेत असे समजा. माणसे म्हणजे ग्राही. प्रत्येकाने किती जोर लावायचा हे औषध ठरवते. फेंटॅनिलसारखे औषध प्रत्येकाकडून मोठा जोर लावून घेते, मॉर्फिन त्याहून कमी. आता चार माणसे थकून बसली. जोरकस औषधाला उरलेल्या सहांवर काम भागवता येते, कमी जोराच्या औषधाची गाडी मात्र अडते. म्हणजे किल्ली कुलपात बसते की नाही एवढेच पाहून भागत नाही, बसल्यावर ती किती काम करवून घेते हेही पाहावे लागते. कुलूप उघडते किंवा उघडत नाही. ‘किती’ हा प्रश्न त्या दृष्टान्तात मावतच नाही.

मेथॅडोनचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९८ साली इटलीतील कार्ला रिपामोंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांचे मॉर्फिन बदलून मेथॅडोन देताना दोघांचे प्रमाण तपासले. रोज ९० मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिन घेणाऱ्यांत ते साधारण ४ : १ होते, ९० ते ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ८ : १ आणि त्याहून अधिक घेणाऱ्यांत १२ : १. विद्यार्थ्यांना हे गणित करायला सांगावे. रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णाला ४ : १ लावले तर उत्तर १५० येते, १२ : १ लावले तर ५०. हा तिपटीचा फरक श्वास मंदावून प्राणावर बेतू शकतो. (हे आकडे तत्त्व समजण्यासाठी आहेत, मात्रा ठरवणे हे तज्ज्ञाचेच काम.) मेथॅडोन अफूच्या ग्राहीखेरीज एनएमडीए नावाच्या वेगळ्या ग्राहीलाही अडवते. तो ग्राही अडवला तर मॉर्फिनचा सराव होणे रोखले जाते, असे उंदरांवरील प्रयोगांत १९९१ सालीच दिसले होते. म्हणजे सराव केवळ एका कुलपात घडत नाही.

आणखी दोन अडचणी पाहा. मॉर्फिनमुळे येणारी गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र टिकून राहतो. कुलूप तेच, किल्ली तीच. मग आतड्यात ते का झिजले नाही? दुसरी अडचण सीगल आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवली. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठी मात्रा नेहमीच्या खोलीत दिली तेव्हा सुमारे ३२ टक्के दगावले. अनोळखी खोलीत दिली तेव्हा सुमारे ६४ टक्के. कधीच हेरॉइन न मिळालेल्यांत हे प्रमाण ९६ टक्के होते. ओळखीच्या खुणा दिसताच शरीर औषधाविरुद्ध आधीच तयारी करते, हे पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचेच तत्त्व. खोली बदलल्याने कुलूप कसे बदलेल?

दृष्टान्त थोडा चुकला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडते ते ‘सवय’ या शब्दाने. सराव होणे, औषध थांबवल्यावर शारीरिक त्रास होणे आणि व्यसन लागणे या तीन वेगळ्या गोष्टी तो एकाच पोत्यात भरतो. पहिल्या दोन तरी वेगळ्या काढता येतात : बीटा-अरेस्टिन-२ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा सराव दिसला नाही, पण औषध तोडल्यावरचा त्रास झाला, असे २००० साली आढळले.

भारत कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी आहे. तरी १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर इथल्याच कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, पण मनातली भीती कायद्याने जात नाही. आजोबांची मात्रा वाढवली की ‘त्यांना सवय लागली’ असे घरचे म्हणतात आणि औषध आखडते घेतात. उलट, काही आठवडे औषध सुटले की सराव ओसरतो, आणि त्यानंतर जुनीच मात्रा घेणारा मरू शकतो. झिजलेले कुलूप आपोआप दुरुस्त होत नाही, म्हणून हा धोका त्या दृष्टान्तातून कधी सुचतच नाही.

तेव्हा कुलूप-किल्ली वर्गात जरूर वापरावी, पण औषध कुठे बसते एवढे सांगण्यापुरतीच. पुढचे सांगताना ‘सवय’ऐवजी ‘सराव’ म्हणावे. आणि तो औषधागणिक, अवयवागणिक व परिस्थितीगणिक वेगळा असतो, हे वरचे गणित फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.