डॉन क्विक्झोट : मूढ नायकाच्या व्यक्तिरेखेतील स्थित्यंतर

प्रस्तावना

मिगेल दे सर्व्हान्टिस (१५४७–१६१६) या स्पॅनिश लेखकाची 'डॉन क्विक्झोट' ही कादंबरी १६०५ व १६१५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. ला मांचा प्रांतातील पन्नाशीच्या घरातला एक सामान्य जमीनदार शिलेदारांच्या अद्भुतकथा वाचून भ्रमिष्ट होतो आणि जगातील अन्याय निवारण्यासाठी जुने चिलखत चढवून बाहेर पडतो, हे तिचे कथाबीज. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर चाल करणारा नायक सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु हा प्रसंग १२६ प्रकरणांच्या या कादंबरीतील अवघ्या आठव्या प्रकरणात येतो. त्यामुळे नायक आरंभापासून अखेरपर्यंत एकाच भ्रमात वावरतो आणि मृत्युशय्येवर अकस्मात शहाणा होतो, असा समज दृढ झाला आहे. साल्वादोर दे मादारियागा यांनी १९२६ मध्ये या समजाला छेद देऊन नायक व त्याचा सेवक सांचो पांझा यांच्या स्वभावांत परस्परांचे गुण कसे उतरत जातात हे दाखविले. मात्र हे स्थित्यंतर केवळ भ्रमाकडून वास्तवाकडे होणारे नाही. आपल्या कृतीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, याची जाणीव नायकाला क्रमाक्रमाने होत जाते, हा त्याचा खरा गाभा आहे.

पूर्वार्ध : उत्तरदायित्वाविना आदर्श

पूर्वार्धातील नायक स्वतःच भ्रम निर्माण करतो. सराई त्याला किल्ला भासते, मेंढ्यांचे कळप सैन्य वाटतात, न्हाव्याचे पितळी तस्त मांब्रिनोचे शिरस्त्राण ठरते. या भ्रमामागील हेतू उदात्त असला तरी त्याचे परिणाम इतरांना भोगावे लागतात. शिलेदार कधी पैसे देत नाहीत, असे सांगून तो सराईतून निघून जातो आणि मागे राहिलेल्या सांचोला लोक घोंगडीत घालून उंच उडवितात. मालकाच्या माराखाली सापडलेल्या आंद्रेस या मुलाची तो सुटका करतो. पण त्याची पाठ वळताच मालक मुलाला पूर्वीपेक्षा अधिक निर्दयपणे मारतो. पुढे हाच मुलगा पुन्हा भेटतो आणि आपल्या मदतीला यापुढे कधीही न येण्याची विनवणी करतो. या बोलण्याने नायक खजील होतो. भावी स्थित्यंतराचे बीज या लज्जेत आहे.

उत्तरार्ध : भ्रमाचे बदललेले निर्माते

उत्तरार्धात परिस्थिती उलटते. सराईला आता तो सराईच म्हणतो. एल तोबोसो गावाबाहेर गाढवांवरून येणाऱ्या तीन खेडवळ मुलींमध्ये त्याला खेडवळ मुलीच दिसतात. त्यांपैकी एक त्याची आराध्य डुल्सिनिया आहे, असे त्याला पटवितो तो सांचो. पुढे ड्यूक आणि डचेस करमणुकीसाठी त्याच्याभोवती संपूर्ण मायाजाल उभे करतात. मोंतेसिनोसच्या गुहेतील स्वप्नातही व्यवहार शिरतो : डुल्सिनियाची सखी सहा रेआल उसने मागते आणि नायकाजवळ चारच निघतात. आपण पाहिले ते सत्य की स्वप्न, हा प्रश्न तो नंतर इतरांना पुन्हा पुन्हा विचारतो. शंका घेणारा हा नायक पूर्वार्धात आढळत नाही.

हा बदल सरळ रेषेत होत नाही. उत्तरार्धाच्या आरंभी सांचो ठराविक वेतन मागतो, तेव्हा शिलेदारांच्या परंपरेचा दाखला देऊन तो ते नाकारतो. पेद्रोच्या कळसूत्री बाहुल्यांना शत्रू समजून तो त्यांची खांडोळी करतो. मात्र भान येताच नुकसानभरपाई देतो. मोडलेल्या नावेबद्दल कोळ्यांना तो पन्नास रेआल देतो. चूक घडते, परंतु ती आता नाकारली जात नाही. डुल्सिनियाच्या मुक्तीसाठी सांचोने स्वतःला ३,३०० फटके मारून घ्यावेत, असे ठरते, तेव्हा प्रत्येक फटक्यामागे पाव रेआल या दराने ८२५ रेआल देण्यासही तो तयार होतो. सांचो बरेचसे फटके झाडांवर मारतो. मोबदला खरा आणि फटके खोटे, या विसंगतीत हास्य आहेच. पण सेवकाच्या कष्टाला मोल असते, हे स्वामीने येथे मान्य केले आहे.

पराभव आणि मृत्यू

बार्सेलोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर शुभ्र चंद्राच्या शिलेदाराकडून पराभूत झाल्यावर नायक मरण पत्करण्यास सिद्ध होतो. परंतु आपल्या दुर्बलतेमुळे डुल्सिनियाच्या श्रेष्ठत्वाला बाध येऊ देत नाही. स्वतःच्या सामर्थ्याविषयीचा भ्रम मावळला तरी निष्ठा टिकून राहते. गावी परतल्यावर आजारपणात दीर्घ निद्रेतून तो जागा होतो, शिलेदारीच्या ग्रंथांचा धिक्कार करतो आणि स्वतःला सज्जन आलोन्सो किहानो म्हणवितो. त्याच्या मृत्युपत्रातील पहिलीच व्यवस्था सांचोच्या पैशाची आहे. घरकाम पाहणाऱ्या बाईचे थकलेले वेतनही तो विसरत नाही. आपल्याप्रमाणेच सांचोलाही वेडा ठरविल्याबद्दल तो त्याची क्षमा मागतो. सराईचे पैसे नाकारणारा माणूस अखेरीस देणे चुकते करून जातो. उलट सांचो मात्र पुन्हा बाहेर पडण्यासाठी त्याची मनधरणी करतो.

समारोप

एरिक औअरबाख यांच्या विवेचनात नायकाचे शहाणपण व त्याचे वेड या परस्परांपासून अलग राहणाऱ्या गोष्टी आहेत. घटनांच्या पातळीवर हे मत ग्राह्य वाटते. परंतु देण्याघेण्याच्या प्रसंगांची साखळी पाहिली असता वेडातूनच शहाणपणाची वाट निघालेली दिसते. शिलेदारीच्या ग्रंथांनी दिलेले दुर्बलांच्या रक्षणाचे ध्येय असत्य नव्हते. त्याची किंमत इतरांवर लादणे हे मूढत्व होते. थट्टेसाठी मायाजाल रचणारे ड्यूक व डचेस कशाचीही भरपाई करीत नाहीत, आणि त्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास मूढ कोण, हा प्रश्न वाचकाकडे परत येतो. पवनचक्कीच्या एकाच प्रसंगावर थांबणारे अध्यापन विद्यार्थ्याला हास्यापर्यंत नेते, या प्रश्नापर्यंत नव्हे. म्हणून दोन्ही भागांचे एकत्रित वाचन ही या व्यक्तिरेखेच्या आकलनाची किमान अट ठरते.