'तुंबाड'मधला खोत गेला कुठे?

पीएच.डी.च्या प्रवेशाचा हंगाम आला की ज्युनियर मंडळी सिनॉप्सिस वाचायला देतात, आणि त्यात एखादा तरी 'तुंबाड'वर असतोच. शीर्षक साधारण असं: 'तुंबाड चित्रपटातील कोकणी लोकदैवत'. तुमचंही असंच काही ठरत असेल तर थोडं थांबा. हस्तर हे लोकदैवत नाही. तो चित्रपटासाठी रचलेला आहे. त्याची जत्रा नाही, पुजारी नाहीत, गाऱ्हाणं नाही. राही अनिल बर्वे मुलाखतींत सांगतात की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. ती 'आजी' नावाची कथा, आणि तिच्यामागे स्टीफन किंगची 'ग्रामा'. म्हणजे ज्याला आपण कोकणातली दंतकथा समजतो, तिचा एक धागा थेट अमेरिकेत जातो. 'हस्तर' हे नाव ॲम्ब्रोज बिअर्सच्या १८९१च्या कथेतल्या 'हास्टुर'सारखं वाटतं, हेही खरं. पण सारखं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. प्रबंधात ते तळटीपेपुरतंच ठेवा.

यामुळे चित्रपट कमी ठरतो का? उलट, रचलेली पुराणकथा इतकी जुनी वाटावी हेच त्याचं मोठं बळ. हस्तरकडे सोनं आहे, धान्य नाही. आईच्या गर्भात कोंडलेला तो देव कायमचा भुकेला आहे. म्हणून विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढायच्या. नियम एकच आणि साधा. शेवटाकडे बापलेक जास्त बाहुल्या घेऊन उतरतात तेव्हा जे होतं, तेही याच नियमातून होतं. डार्क फँटसीत बहुतेक लेखक इथेच घसरतात: अडचण आली की नवी शक्ती, नवा मंत्र. इथे तसं काही नाही. त्यात पंकज कुमार यांचा कॅमेरा (ते आपल्या एफटीआयआयचेच), सासवडचा पुरंदरे वाडा आणि तो न थांबणारा पाऊस. चित्रीकरण २०१२मध्ये सुरू झालं, मग बराच भाग पुन्हा केला आणि चित्रपट आला १२ ऑक्टोबर २०१८ला. ही मेहनत पडद्यावर दिसते. भिंतींची ओल अक्षरशः अंगाला लागते.

आता मला खुपणारी गोष्ट. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. १९८७ची ही दोन खंडी कादंबरी एका खोत घराण्याच्या पिढ्यांची आहे. चित्रपटाने 'तुंबाड' ठेवलं आणि 'खोत' गाळला. खोत म्हणजे सरकारला सारा भरणारा आणि कुळांकडून वसूल करणारा मधला माणूस. कोकणातल्या अनेक वाड्यांतली श्रीमंती या वसुलीतून आली. चित्रपटात मात्र ती देवीच्या गर्भातून येते. विनायक कुणाला लुटतो? एका राक्षसाला. कूळ कुठेच नाही, त्यामुळे कुणाच्या तोंडचा घासही जात नाही.

तुम्ही म्हणाल, फँटसी आहे, तिच्याकडे सातबारा कशाला मागता? आक्षेप रास्त आहे. जे करायचंच नव्हतं ते केलं नाही म्हणून कलाकृतीला दोष देऊ नये. पण हा चित्रपट आपण होऊन १९१८ आणि १९४७ ही सालं पडद्यावर लिहितो. सरकार वाडा ताब्यात घेणार, ही भीती तोच विनायकच्या तोंडी घालतो. मधला भाग घडतो १९३०च्या दशकात. त्याच दशकात अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांचा संप चालू होता, १९३३ ते १९३९. १९३७मध्ये आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९मध्ये. तारखा घ्यायच्या आणि त्या तारखांना कोकणात काय चाललं होतं ते सोडून द्यायचं, म्हणजे लोभ हा एका माणसाच्या स्वभावाचा दोष होऊन बसतो. सुरुवातीचं गांधीजींचं वचनही त्याच दिशेने ढकलतं.

फँटसीला हे जमत नाही असंही नाही. तुमच्यापैकी मांगा वाचणाऱ्यांना केन्तारो मिउराची 'बर्सर्क' माहीत असेल, १९८९पासूनची. तिथे ग्रिफिथला सत्ता मिळते ती स्वतःच्याच साथीदारांचा बळी देऊन. किंमत कुणी मोजली हे वाचक विसरूच शकत नाही. 'तुंबाड'मध्ये किंमत मोजतात मुख्यतः विनायक आणि त्याच्या घरचेच.

घरच्यांतही बायकांची बाजू लंगडी आहे. साखळीने बांधलेली म्हातारी लक्षात राहते, पण विनायकची आई पहिल्या भागापुरती, आणि वैदेही वाट बघण्यापुरती. आणि हो, हे सगळे कोकणस्थ हिंदीत बोलतात. निर्मितीचं गणित समजतं, तरी कान खटकतात.

तर सिनॉप्सिसचं शीर्षक बदला. 'तुंबाड: कादंबरीतील आणि चित्रपटातील संपत्तीचा उगम' असं काही करून बघा. आधी पेंडशांचे दोन्ही खंड वाचा, मग १९४९चा कायदा, मग चित्रपट पुन्हा. वाचताना एक वही फक्त कुळांसाठी ठेवा: कुठल्या पानावर कोण येतं, काय देतं, काय बोलतं. गाइडकडे जाल तेव्हा ती वही सोबत असू द्या.