युद्धकालीन नेतृत्व आणि ललितेतर कथनगद्य : हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील तीन ग्रंथांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

युद्धकाळातील नेतृत्व हा इतिहास आणि राज्यशास्त्र या विद्याशाखांचा विषय मानला जातो. तथापि सर्वसामान्य वाचकाच्या मनात युद्धकालीन नेत्याची जी प्रतिमा उभी राहते, ती बहुतांशी आठवणी, चरित्रे आणि वृत्तांतपर लेखन यांतून घडते. कल्पिताचा आश्रय न घेता कथनाची सर्व सामर्थ्ये वापरणारे हे गद्य म्हणजे ललितेतर कथनगद्य होय. अमेरिकन साहित्यात या प्रकाराची मोठी परंपरा असून राष्ट्राध्यक्षांचे युद्धकालीन नेतृत्व हा तिचा एक प्रमुख विषय आहे. मराठीत, विशेषतः मराठवाड्यात, या प्रकाराची नोंद घेण्याजोगी निर्मिती हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या निमित्ताने झाली. स्वामी रामानंद तीर्थ, अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांच्या ग्रंथांतून नेतृत्वाचे चित्रण कसे होते आणि त्या चित्रणाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकन परंपरा : निर्णयाचे दालन

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) अब्राहम लिंकन युद्धखात्याच्या तारघरात तासन्‌तास बसून रणांगणावरील वार्ता वाचीत असत. कार्ल सँडबर्ग या कवीने १९३९ मध्ये लिंकनच्या युद्धवर्षांचे चार खंडांतील चरित्र प्रसिद्ध केले. १९४० मध्ये त्याला इतिहासलेखनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. डोरिस कर्न्स गुडविन यांनी २००५ मधील ग्रंथात लिंकनने सुअर्ड, चेस, बेट्स या आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना मंत्रिमंडळात घेऊन राज्यशकट कसा हाकला, याचे कथन केले. डेव्हिड हॅल्बरस्टॅम या पत्रकाराने १९७२ मध्ये, म्हणजे व्हिएतनाममधील युद्ध चालू असतानाच, केनेडी आणि जॉन्सन यांच्या बुद्धिमान सल्लागारांनी देशाला त्या युद्धात कसे नेले, याची कठोर चिकित्सा केली.

या ग्रंथांची वृत्ती भिन्न आहे. सँडबर्ग भारावलेला आहे, तर हॅल्बरस्टॅम संतप्त. परंतु रचना समान आहे. नेता निर्णयाच्या दालनात आहे आणि लेखक वाचकाला त्या दालनात घेऊन जातो. कोणापुढे कोणते पर्याय होते, कोणी कोणता निवडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांवर कथन उभे राहते. या परंपरेचे बळ उत्तरदायित्वात आहे. तिची मर्यादाही तेथेच आहे. दालनाबाहेरील सामान्य माणूस तिच्यात बहुधा आकडा म्हणून येतो.

मराठवाड्याची परिस्थिती : दालनाबाहेरचा नेता

हैदराबाद संस्थानातील घटनाक्रम पाहता येथे अमेरिकन रचना जशीच्या तशी लागू पडत नाही, हे ध्यानात येते. हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना १९३८ मध्ये झाली आणि निजाम सरकारने तिच्यावर तत्काळ बंदी घातली. ही बंदी १९४६ मध्ये उठली व स्वामी रामानंद तीर्थ संघटनेचे अध्यक्ष झाले. भारतीय संघराज्यात विलीन होण्याच्या मागणीसाठी ७ ऑगस्ट १९४७ रोजी आंदोलन सुरू झाले आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. २९ नोव्हेंबरच्या 'जैसे थे' करारानंतर त्यांची सुटका झाली. परंतु २६ जानेवारी १९४८ रोजी ते पुन्हा बंदिवान झाले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतरच स्वामीजी मुक्त झाले.

तात्पर्य, लढ्याच्या सर्वांत निर्णायक काळात नेता तुरुंगात होता. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती संस्थानाबाहेरून काम करीत होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे सहकारी सरहद्दीवरील केंद्रांमधून सूत्रे हलवीत होते. उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला तो ३० जानेवारी १९४८ रोजी, स्वामीजींच्या अटकेनंतर अवघ्या चार दिवसांनी. त्याच दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. अहिंसेचा पुरस्कर्ता असलेला संन्यासी अध्यक्ष कारागृहात आणि त्याच्या संघटनेचे तरुण हाती शस्त्र घेऊन सरहद्दीवर, अशी ही विलक्षण स्थिती होती.

शब्दयोजनेचाही प्रश्न येथे उद्भवतो. सैन्याने या मोहिमेला 'ऑपरेशन पोलो' म्हटले, तर शासनाने 'पोलीस कारवाई'. अमेरिकेनेही व्हिएतनाममध्ये रीतसर युद्ध पुकारले नव्हते. १९६४ च्या टोंकिन आखातविषयक ठरावावर सारे भागविण्यात आले. ज्या संघर्षाला शासन युद्ध म्हणत नाही, त्यातील निर्णयांची जबाबदारी निश्चित करणे कठीण जाते. अशा वेळी ती निश्चित करण्याचे काम लेखकाकडे येते.

तीन ग्रंथ, तीन दृष्टिकोन

स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या. १९५२ मध्ये गुलबर्गा आणि १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेला हा नेता तोपर्यंत सत्ताकारणापासून दूर झाला होता. विजयी युद्धनेत्याला सत्तेची गादी मिळावी, हा सर्वत्र दिसणारा प्रघात येथे घडला नाही. मुक्तीनंतर आले ते जनरल चौधरी यांचे लष्करी प्रशासन. त्यामुळे या आठवणींत सत्ताधाऱ्याच्या आत्मसमर्थनाचा स्वर नाही. निवेदन संयत आहे. शिक्षक म्हणून काढलेली वर्षे, संघटनेतील मवाळ-जहाल मतभेद, कारावास यांचे कथन एकाच पातळीवरच्या आवाजात होते. सशस्त्र प्रतिकाराचा विषय लेखक टाळत नाही. मात्र साधनशुचितेचा जो नैतिक पेच त्याच्यापुढे उभा राहिला असणार, त्याचे अंतरंग वाचकाला पुरेसे उलगडून दाखविले जात नाही. आत्मकथनकाराचा संयम हा येथे गुणही ठरतो आणि आडपडदाही.

अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. भालेराव लढ्यातील कार्यकर्ते आणि औरंगाबादच्या दैनिक 'मराठवाडा'चे संपादक होते. या ग्रंथात नेतृत्व एका व्यक्तीत न राहता अनेक केंद्रांत, गावांत आणि कार्यकर्त्यांत विखुरते. ही रचना आशयातूनच आलेली आहे. नेता तुरुंगात असताना लढा चालला तो गावोगावच्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून त्या माणसांची नावनिशीवार नोंद हेच येथे नेतृत्वाचे चित्रण ठरते. अमेरिकन ग्रंथांत दालनाबाहेर राहणारा सामान्य माणूस भालेरावांच्या कथनात मध्यभागी येतो. मराठी ललितेतर गद्याला या ग्रंथाने दिलेली ही महत्त्वाची देणगी होय. तपशिलांच्या दाटीत निर्णयांची साखळी अनेकदा हरवते, ही या रचनेची दुसरी बाजूही नोंदवावी लागते.

नरहर कुरुंदकर यांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९३२ मध्ये जन्मलेले कुरुंदकर मुक्तीच्या वेळी सोळा वर्षांचे होते. ते साक्षीदार होते, पण निर्णयाचे भागीदार नव्हते. हे अंतर त्यांच्या चिकित्सेला उपकारक ठरले. घटना सांगण्यापेक्षा घटनेमागचा युक्तिवाद तपासणे ही त्यांची रीत आहे. निजाम, इत्तेहाद, स्टेट काँग्रेस, दिल्लीचे शासन या सर्वांना ते हेतू आणि हिशेब असलेल्या राजकीय शक्ती म्हणून वाचतात. हॅल्बरस्टॅमच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी लेखक तो हाच. शीर्षकातील दुसरा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषिक तत्त्वावर त्रिभाजन झाले आणि स्वामीजी या विसर्जनाचे आग्रही पुरस्कर्ते होते. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी लढा दिला, ते राज्यच नाहीसे व्हावे असे म्हणणारा नेता युद्धनेतृत्वाच्या रूढ साच्यात बसत नाही. कुरुंदकरांच्या मांडणीमुळे १७ सप्टेंबर हा शेवट न राहता मधला टप्पा ठरतो.

मौनाचा प्रश्न

दिल्लीच्या बाजूने लिहिलेले ग्रंथ या तिघांशी ताडून पाहणे उद्बोधक ठरते. व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथ १९५६ चा, तर क. मा. मुन्शी यांच्या हैदराबादच्या आठवणी १९५७ च्या. त्यांत निर्णयाचे दालन आहे, वाटाघाटी आहेत. मराठवाड्यातील गावे मात्र पार्श्वभूमीसारखी येतात. मराठवाड्याच्या ग्रंथांनी ही उणीव भरून काढली, यात शंका नाही.

परंतु एक रिकामी जागा दोन्हीकडे शिल्लक राहते. सैन्य आल्यानंतरच्या काळात संस्थानात मुस्लिम नागरिकांवर मोठ्या प्रमाणात हिंसाचार झाला. त्याच्या पाहणीसाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठविली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांचा समावेश केला. हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध करण्यात आला नाही आणि नंतरही अनेक दशके अभ्यासकांच्या हाती लागला नाही. रझाकारांनी गावागावांत केलेल्या अत्याचारांचे जेवढे सविस्तर कथन आपल्या ग्रंथांत येते, तेवढे या आठवड्यांचे येत नाही.

याचे कारण केवळ पक्षपातात शोधणे अन्यायाचे होईल. साधने बंद होती, जखमा ताज्या होत्या आणि लेखक स्वतः त्या लढ्यात होरपळलेले होते. तरीही वाङ्मयीन दृष्टीने हा दोष रचनेचा आहे, हे मान्य करावे लागते. मुक्तीचा दिवस कळसाध्याय म्हणून योजला की त्यानंतरच्या घटनांना कथनात स्थान उरत नाही. रझाकारांच्या क्रौर्याचे सत्य नंतरच्या हिंसेने पुसले जात नाही आणि नंतरच्या हिंसेचे सत्य त्या क्रौर्याने झाकले जात नाही. ही दोन्ही सत्ये एकाच कथनात सामावून घेणे हीच या गद्यप्रकाराची खरी कसोटी आहे. हॅल्बरस्टॅमचे मोठेपण असे की त्याने स्वकीयांच्या नेतृत्वालाच प्रश्न विचारले. असा प्रश्न विचारल्याने लढ्याचे मोल कमी होत नाही. उलट नेतृत्वाला विभूतिपूजेतून बाहेर काढून इतिहासात आणता येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अमेरिकन परंपरेने युद्धनेत्याला निर्णयाच्या दालनात पाहिले आणि जबाबदारीचा हिशेब मांडला, तर मराठवाड्याच्या परंपरेने नेत्याच्या अनुपस्थितीत उभे राहिलेले विखुरलेले नेतृत्व पाहिले आणि अनाम माणसांना नावे दिली. स्वामीजींचा संयम, भालेरावांची व्याप्ती आणि कुरुंदकरांची चिकित्सा हे तीन गुण एकत्र वाचल्यासच या लढ्याचे नेतृत्व समग्रपणे कळते. यांपैकी एकच ग्रंथ प्रमाण मानला, तर एक तर आडपडदा, एक तर तपशिलांची दाटी, नाही तर केवळ युक्तिवाद हाती लागतो.

आज लढ्यातील प्रत्यक्ष साक्षीदार जवळजवळ उरलेले नाहीत. २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता झाली. दरवर्षी १७ सप्टेंबरच्या निमित्ताने महाविद्यालयांतून होणाऱ्या भाषणांना हे ग्रंथ उताऱ्यांची सोय म्हणून उपयोगी पडतात. परंतु मराठी विभागांतून त्यांचे साहित्यकृती म्हणून अध्यापन व्हावे, हे अधिक अगत्याचे आहे. कोणाच्या आवाजात सांगितले, कोठे थांबले आणि काय वगळले, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता आले, तर त्याच ग्रंथांच्या आधारे १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांचे अलिखित प्रकरणही पुढील पिढीतील एखादा अभ्यासक लिहू शकेल.