अ‍ॅलिसची उंची

मुलांच्या वाढीविषयी शिक्षकांनी काय वाचावे असे विचारले, तर बालमानसशास्त्राच्या एखाद्या जाडजूड ग्रंथाचे नाव पुढे येईल. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ कुणी सुचवणार नाही. पण वाढणाऱ्या मुलाला आतून काय वाटते, हे या कथेइतके नेमके सांगणारी पुस्तके थोडीच आहेत.

चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवीत. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून फिरताना त्यांनी लिडेल कुटुंबातील तीन बहिणींना ही गोष्ट रचून सांगितली. मधली अ‍ॅलिस तेव्हा दहा वर्षांची होती. लुइस कॅरल या टोपणनावाने १८६५ साली पुस्तक निघाले. त्यातली अ‍ॅलिस मात्र सातेक वर्षांची आहे.

सशामागून बिळात पडलेली अ‍ॅलिस बाटलीतले पेय पिते आणि दहा इंचांची होते. केक खाते आणि नऊ फुटांच्या वर जाते. पुढे ती तीन इंचांवरही येते. या चढउतारांचा अर्थ काय?

मनोविश्लेषणवाद्यांनी त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. विल्यम एम्पसन यांनी १९३५ साली बिळात पडणे आणि अश्रूंच्या तळ्यात पोहणे यांत गर्भाशय व जन्म पाहिला. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञांना तर कथेतली क्रूरता आणि शरीराची ओढाताण मुलांना अपायकारक वाटली. या वाचनात चातुर्य आहे. पण त्यात प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कशाचे तरी चिन्ह ठरते, आणि कथेत उघडपणे जे घडते त्याकडे दुर्लक्ष होते. उघडपणे घडते ते असे की, एका मुलीचे शरीर तिला न विचारता बदलते आणि ‘मी तीच आहे का?’ असा प्रश्न तिला पडतो.

हा प्रश्न ती कसा सोडवते ते पाहण्यासारखे आहे. आपण दुसरीच मुलगी तर झालो नाही ना, हे तपासण्यासाठी ती पाढे म्हणते. चार पंचे बारा, चार सक तेरा! भूगोलात राजधान्यांची अदलाबदल होते, कविता भलतीच तोंडातून येते. त्यावरून ती निष्कर्ष काढते की, आपण बहुधा ती ‘ढ’ मेबलच झालो. उत्तर चुकले म्हणजे मी ‘मी’ राहिले नाही! पाढ्याला स्वतःची ओळख जोडायला या मुलीला कुणी शिकवले, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारावा असा आहे.

बदलातही काहीतरी कायम राहते, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास पक्की होऊ लागते, असे झां पियाजे यांनी पुढे विसाव्या शतकात दाखवले. बसक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले तरी ते तेवढेच राहते, हे लहान मुलाला पटत नाही. थोडे मोठे झाल्यावर पटते. अ‍ॅलिसपुढे तोच प्रयोग मांडला आहे. फक्त पाण्याच्या जागी ती स्वतः आहे. तिला ‘तू कोण?’ असे विचारणारा प्राणी सुरवंट आहे, हेही मार्मिक आहे. कोश आणि फुलपाखरू व्हायचे ज्याच्या नशिबी आहे, त्याला शरीर बदलण्यात काहीच वावगे वाटत नाही!

याच सुरवंटाकडून कथेला वळण मिळते. अळंबीच्या एका बाजूने उंची वाढेल, दुसऱ्या बाजूने घटेल, एवढेच तो सांगतो. कोणती बाजू कोणती, हे अ‍ॅलिसला खाऊनच शोधावे लागते. आधी हनुवटी पायावर आदळते, मग मान झाडांच्या वर जाते. त्यानंतर ती दोन्ही तुकडे जपून, थोडे थोडे कुरतडत हवी ती उंची साधते. डचेसच्या घराजवळ जाताना ती स्वतःला मोजून नऊ इंचांवर आणते. आतापर्यंत वाढ तिच्यावर येऊन आदळत होती. आता प्रयोग करून तिने ती हाताशी आणली. शिल्डर यांना दिसलेल्या भीतीला कथेने दिलेले उत्तर हेच आहे, आणि ते त्यांच्या नजरेतून निसटले असे मला वाटते.

शेवटी न्यायसभेत अ‍ॅलिस काहीही न खाता वाढू लागते. शेजारचा पेंगुळलेला प्राणी कुरकुरतो की, मी वाढतो ते वाजवी वेगाने, तू नव्हे. मोठ्यांची ही तक्रार आपल्या ओळखीची आहे. काम टाळले की ‘एवढा घोडा झालास’, आणि मत मांडले की ‘लहान तोंडी मोठा घास’! खऱ्या आयुष्यातही वाढीचा वेग ‘वाजवी’ नसतो. वयात येताना मुलींची उंची एखाद्या वर्षात आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि हातपाय धडाच्या आधी लांबतात. आपले पाय दूर गेले म्हणून त्यांचा निरोप घेणारी अ‍ॅलिस सातवीच्या वर्गात शोधली तर सापडेल.

पुस्तकाचा शेवट मात्र मला कच्चा वाटतो. राजाराणी म्हणजे पत्त्यांचा डाव, हे ओळखण्याइतकी अ‍ॅलिस मोठी होते आणि त्याच क्षणी तिला जागे करून चहाला पाठवले जाते. मग तिची थोरली बहीण तिच्या मोठेपणाचे चित्र रंगवते. त्यात कौतुक आहे ते तिने जपलेल्या निरागस बालपणाचे. मुलाने वाढावे, पण मनाने लहानच राहावे, ही मोठ्यांची इच्छा इथे कथेवर मात करते.

हे पुस्तक सहावी-सातवीच्या मुलांसमोर जरूर वाचावे. अ‍ॅलिसच्या उंचीचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा. इंचांचे सेंटिमीटर करण्याचा सरावही होईल. मग प्रत्येक चढउतारापाशी एकच प्रश्न विचारावा : ही वाढ तिने केली, की तिच्यावर झाली? उत्तरे देताना मुले अ‍ॅलिसपेक्षा स्वतःविषयी अधिक बोलतील. त्या वेळी पाढा विचारण्याची घाई करू नये.