पडके घर घेणारा

आमच्या वाङ्मयात जुने घर खचते ते वारसाच्या डोळ्यांदेखत. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) तात्याजी गेलेले असतात, दारात बंद ट्रॅक्टर उभा असतो आणि भावंडे हिशेबाला बसतात. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) जगबुडीकाठच्या घराण्याच्या चार पिढ्यांची कथा आहे. दोन्ही कृती थोर. त्याविषयी वाद नाही. पण असे घर विकत घेऊन त्यात राहू पाहणारा मनुष्य कुठे आहे? आलाच तर तो बहुधा सावकार म्हणून येतो!

हे मला अपुरे वाटते. आमच्या सोलापूरकडे सीनेकाठी मळ्यातले धाब्याचे घर घेणारा आधी भिंतीवर पुराची रेघ शोधतो. सप्टेंबर २०२५च्या महापुरानंतर तर शोधावीच लागते. मग तुळईचे भिंतीत गेलेले टोक ठोकून पाहतो, कारण ओल आणि वाळवी तिथेच मुरते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंत तिरपी चिरते. ती चीर जुनी की ताजी, हे गवंड्याला विचारावे लागते. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतात. एखादीला घर मोडायचे नसते, आणि घेणाऱ्याचा जीव तर त्यात आधीच गुंतलेला! आमच्या कादंबरीकारांना मात्र चीर दिसली की लगेच घराण्याचा ऱ्हास आठवतो. पेंडशांची माणसे पारखणारी नजर या व्यवहारावर पडली असती, तर इसार देताना घेणाऱ्याचा हात का अडखळतो, तेही आपल्याला वाचायला मिळाले असते.